खालच्या जबड्याचे हाड झिजल्यावर दात कसे बसवावेत?

प्रश्न (निपाणी): आईचे खालचे सर्व दात पडून बरीच वर्षे झाली. हाड इतके झिजले आहे की भाकरी चावताना कवळी उचलली जाते. तिला मधुमेहही आहे. इम्प्लांट (दातांच्या आधारासाठी हाडात रोवायचे स्क्रू) बसतील का?

उत्तर (बेळगाव): आधी सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर) हाडाची उंची-रुंदी पाहावी. हनुवटीकडचे हाड बहुधा टिकून असते. तेथे २ इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. वयस्कांना माझ्या मते हेच सोसवते, कारण हाडाचे कलम केल्यास (झिजल्या जागी हाडाची भर घातल्यास) ते जुळायला अनेक महिने जातात.

उत्तर (चिकोडी): साखर आटोक्यात असल्यास मधुमेह सहसा आड येत नाही. मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड, मात्र (आपल्या तंबाखूच्या पट्ट्यात विचारायलाच हवे) आधी बंद करावी. तंबाखूने जखम उशिरा भरते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मिश्री आहेच, आणि ती सोडवणे शस्त्रक्रियेपेक्षा अवघड दिसते.