मदत हवी आहे: अटकेची कारणं मराठीत दिली, पण मुलाला मराठी वाचता येत नाही

नमस्कार. माझी खानावळ आहे. चार वर्षांपासून ओडिशाचा एक बावीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे स्वयंपाक करतो. मंगळवारी रात्री त्याच्या खोलीवर भांडण झालं, एकाचं डोकं फुटलं आणि पोलिसांनी याला अटक केली. त्यानं मारलं की नाही ते कोर्ट ठरवेल. माझा प्रश्न कागदाचा आहे.

बुधवारी दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्या हातात अटकेच्या कारणांची दोन पानं दिली. मी तिथेच होते. दहा मिनिटांत पुकारा झाला. कागद मराठीत. पोरगा मराठी घडाघडा बोलतो, मंडईत भाव करतो, पण देवनागरी त्याला वाचता येत नाही. भाजीची यादीसुद्धा मी त्याला फोनवर आवाजात पाठवते. त्यानं ओडिया अक्षरांत सही केली. सहीच्या वर आधीच लिहिलेलं होतं, 'वाचून समजले'. शनिवारपर्यंत पोलीस कोठडी झाली.

६ नोव्हेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन, मी वाचला. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताचं प्रकरण. गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची; लगेच जमलं नाही तर तेव्हा तोंडी सांगून, निदान रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला कोर्टात, हजर करण्याच्या दोन तास आधी कागद द्यायचा. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. पोलीस म्हणतात, "त्याला मराठी येतं की." ओळखीचे एक वकील म्हणतात, रिमांड झाला, आता विषय संपला. खरंच संपला का? आणि बोलता येते ती 'समजणारी भाषा' धरतात का? मला रात्री झोप लागत नाही.

प्रतिसाद १
ताई, संपलेला नाही. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात म्हटलंय की कारणं कळवली हे सिद्ध करायचं ओझं पोलिसांवर, आणि संविधानाचं अनुच्छेद २२(१), म्हणजे अटकेची कारणं सांगायचा नियम, पाळलं का हे बघणं रिमांड देणाऱ्या मॅजिस्ट्रेटचं काम. शनिवारी लेखी अर्ज द्या. त्याआधी रिमांड अर्ज, अटक पंचनामा आणि त्या दोन पानांच्या नकला मागा. कागद किती वाजता दिला याची नोंद आहे का, ते पहिल्यांदा बघा. दोन तासांचा मुद्दा भाषेपेक्षा सोपा आहे, तो पुढे ठेवा.

प्रतिसाद २
भाषेसाठी हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र, १९६२ बघा. नागपूरच्या स्थानबद्धाला, म्हणजे खटल्याशिवाय आधीच अडकवून ठेवलेल्या माणसाला, आदेश आणि कारणं इंग्रजीत दिली होती, अधिकाऱ्यानं तोंडी भाषांतर करून सांगितलं होतं. त्यानं हिंदीत मागितली, मिळाली नाहीत. तोंडी समजावणं पुरेसं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. ते प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचं प्रकरण होतं, हा फरक सरकारी वकील काढतीलच. पण कागद वाचता आला पाहिजे हे तत्त्व तुमच्या कामाचं आहे. फोनवरचे आवाजी निरोप पुसू नका, तो मराठी वाचत नाही याचा तोच पुरावा.

प्रतिसाद १
एक सांगून ठेवतो, म्हणजे आशा लावून बसायला नको. या मुद्द्यावर सुटका झाली तरी खटला उरतो. लेखी कारणं नीट देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात. आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन लावा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. नकलांचा अर्ज आत्ताच देऊन आले. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाई उद्या त्याला भेटणार आहेत. त्या म्हणाल्या, त्याच्या आरोपात काय लिहिलंय ते त्याला त्याच्या भाषेत कळलंच पाहिजे. ओडिया लिहिता येणारं इथे कुणी आहे का? दोन पानंच आहेत.