मदत हवी आहे: नववीतली मुलगी मैत्रिणींनी एकटी पाडली आहे, दर सोमवारी पोट दुखतं (जि. सांगली)

नववी_ब
पलूस तालुक्यातल्या शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मुलगी १४ वर्षांची. चौघींचा घट्ट गट होता, दिवाळीनंतर तिघींनी तिच्याशी बोलणं टाकलं. मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा कुठलासा फोटो टाकून हसले, एवढंच कळलंय. आता आठवड्यातून एक-दोन दिवस गैरहजर, बहुतेक सोमवारी, कारण पोटदुखी. डबा अर्धा परत नेते. आधी साडेनऊच्या एसटीने यायची, हल्ली पुढच्या गाडीने येते आणि परिपाठ बुडतो. आई म्हणते नाटकं आहेत, वडिलांनी मोबाईल काढून घेतला. तिघींना तिच्यासमोर उभं करून एकदाच काय ते मिटवा, असं मुख्याध्यापक सांगतात. तसं करू का? आणि डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

समुपदेशक_मिरज
मॅडम, समोरासमोर अजिबात उभं करू नका. तिघी तुमच्यापुढे सॉरी म्हणतील आणि परतीच्या गाडीत "चुगली केलीस" म्हणून वचपा काढतील. तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती एसटीची ओळ. साडेनऊच्या गाडीत त्या तिघी असतात का ते बघा. असतील तर ती तो प्रवास टाळतेय.

आधी तिच्याशी बोला, पण स्टाफरूममध्ये समोर बसवून नको. वह्या लावताना, प्रयोगशाळा आवरताना. "काय झालं?" विचारलं की "काही नाही" येतं. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा: "हल्ली पुढच्या गाडीने येतेस, डबाही तसाच जातो. गाडीत काही होतं का?" मग गप्प राहा, घाईने पुढचा प्रश्न टाकू नका.

फोटो कसला होता ते नक्की विचारा. अश्लील असेल किंवा फेरफार करून तसा बनवलेला असेल, तर प्रकरण पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) जातं आणि कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे समेट घडवत बसू नका.

साधा फोटो असेल तर तिला विचारून तिघींशी वेगवेगळं बोला. एकाच दिवशी, लागोपाठ, प्रत्येकीला पाच-सात मिनिटं, म्हणजे आपसात ठरवून यायला वेळ मिळत नाही. चूक कुणाची हे काढू नका. "ती एकटी पडलीय असं मला दिसतंय, तुला काय वाटतं?" आणि "या आठवड्यात तू काय करशील?" फोटो काढून टाकते, गाडीत टोमणे मारत नाही, एवढं उत्तर पुरे. आठवड्याने प्रत्येकीला परत विचारा. शाळांमध्ये नेमकं हेच राहून जातं आणि सगळं पहिल्यासारखं होतं. परत मैत्री करा असा आग्रह नको. वर्गातली दुसरी एखादी समजूतदार मुलगी तिच्या बाकावर आणा. या वयात एक भरवशाची मैत्रीण असली तरी पुष्कळ आधार होतो.

बालरोग_सांगली
पोट खरंच दुखतं. ताणाने आतड्याची हालचाल बदलते, संवेदनाही वाढते. आईला हे नीट समजावून सांगा, "नाटकं" ऐकून मुलगी आणखी मिटते. तरी एकदा तपासून घ्या. रात्री झोपेतून उठवणारी कळ, वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त यांपैकी काही असेल तर कारण वेगळं असू शकतं. पाळीच्या तारखा आणि हिमोग्लोबिनही बघा.

यातलं काही नसेल तर दिवसभराची सुट्टी बंद. घरी राहिलं की अकरापर्यंत पोट दुखायचं थांबतं, सुटल्यासारखं वाटतं आणि पुढच्या सोमवारी कळ जास्त जोरात येते. सकाळी फारच दुखलं तर तिसऱ्या तासाला या, पण या. शाळेत दुखलं तर ठरलेल्या एकाच बाईंकडे दहा मिनिटं बसायचं आणि परत वर्गात. घरी पाठवायचं नाही.

मोबाईल पूर्ण काढून घेतला की पुढच्या वेळी ती घरात काही सांगणार नाही. रात्री दहानंतर घरातले सगळेच फोन बाहेरच्या खोलीत, मोठ्यांचेही. या वयाला ८ ते १० तास झोप लागते.

दोन आठवडे जवळजवळ रोज उदास किंवा चिडचिडी असेल, आवडीचं काही करावंसं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात दाखवा. काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथूनही सुरुवात होते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ ला, चोवीस तास, मराठीत, मोफत बोलता येतं.

नववी_ब
दोघांचेही आभार. ती "घरी सांगू नका" म्हणाली तर? आणि मरणाचा विषय आपणच काढला तर नसलेलं डोक्यात शिरेल, ही भीती वाटते.

समुपदेशक_मिरज
विचारल्याने ते शिरत नाही. उलट आत असेल तर बोलायला वाट मिळते. आडून विचारू नका: "कधी जगूच नये असं वाटतं का?" हो म्हणाली तर कसं, कधी असं काही मनात ठरलंय का तेही विचारा. तिला एकटं सोडू नका, पालकांना शाळेत बोलवून घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना. आपल्याकडे द्राक्षबागा, ऊस, त्यामुळे फवारणीची औषधं घरात किंवा शेडमध्ये उघडी असतात. ती कुलपात आणि किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात, हे वडिलांकडून त्याच दिवशी करून घ्या.

म्हणून कुणाला सांगणार नाही असं वचन सुरुवातीलाच देऊ नका. म्हणा, "तुझ्या जिवाला धोका दिसला तर सांगावं लागेल, पण काय आणि कुणासमोर ते आपण दोघी मिळून ठरवू." बहुतेक मुलींना वडिलांच्या रागाची भीती असते. आधी एकट्या आईला बोलवा, शक्यतो शनिवारी शाळा सुटल्यावर, आणि पहिल्यांदा मुलीचं काहीतरी चांगलं सांगा.