47 हजार पगारात जुनी बीएमडब्ल्यू झेड4 घ्यावी का?

तापीकाठ, भुसावळ

नमस्कार मंडळी. मी रेल्वेत तंत्रज्ञ आहे, भुसावळच्या विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये. वय 33, लग्न झालेलं नाही, घरी आई आणि मी. सगळं कापून हातात 47 हजार येतात. क्वार्टर असल्याने घरभाडं नाही. धाकटा भाऊ नाशिकला शिकतो, त्याला महिन्याला 9 हजार पाठवते; जूनमध्ये त्याचं शेवटचं वर्ष संपेल. एफडी साडेपाच लाखांची आहे, डोक्यावर कर्ज नाही.

दिल्लीच्या एका डीलरकडे 2012ला पासिंग झालेली बीएमडब्ल्यू झेड4 आहे, 23आय. साडेतेरा लाख सांगतोय, तेरापर्यंत येईल असं बोलण्यावरून वाटलं. अडीच लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत, टर्बो नाही, 204 अश्वशक्ती, ताकद मागच्या चाकांना. लांबलचक बोनेट आणि बसायची जागा जवळपास मागच्या आसाला टेकलेली. पत्र्याचं छत बटण दाबलं की दुमडून डिकीत जातं. फोटोत मीटरवर 58 हजार किलोमीटर दिसतात.

शेडमध्ये माझ्या हाताखालून सहा हजारांवर अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-9 इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मोटर, जातात. ताकद रुळावर कशी उतरते हे रोज बघते, म्हणूनच ती रस्त्यावर कशी उतरते हे स्वतःच्या हाताने अनुभवायचं आहे. कुणाला दाखवायला गाडी नको. रविवारी पहाटे सावदा-रावेरवरून पालपर्यंत जाऊन यायचं, थंडीत कधी तोरणमाळचा सातपायरी घाट, आणि एकदा तरी समृद्धीवरून नागपूर.

आईचं म्हणणं, एवढ्या पैशात प्लॉट घे. तिच्या जागी तिचं बरोबर आहे. पण मला प्लॉट नको आहे, ही गाडी हवी आहे, कॉलेजात असल्यापासून.

साडेपाच लाख माझे, वरचे आठ लाख कर्ज, असं डोक्यात आहे. परवडेल का? आणि घेतलीच तर दर महिन्याला किती पैसे बाजूला काढावे लागतील? ‘बाईमाणसाला कशाला अशी गाडी’ हे ऐकून झालंय, ते सोडून लिहा.

केळीबाग, यावल

ताई, मी हौसेच्या बाजूने आहे. आमच्याकडे मे-जूनमध्ये वादळ येतं आणि घडासकट बाग एका रात्रीत आडवी होते, तरी पुढच्या हंगामाला आम्ही खोडं लावतोच. माणसाने एका तरी गोष्टीवर मन भरून खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडे जुनी जीप आहे, वडिलांच्या वेळची. तिच्यावर जेवढा खर्च केला तेवढ्यात नवी छोटी गाडी आली असती आणि त्याची मला तसूभर खंत नाही.

पण जीपसाठी मी कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. ज्या वर्षी भाव मिळाला त्या वर्षी इंजिन केलं, नाही मिळाला तर ती शेडमध्ये उभी राहिली. हप्ता असता तर ती उभी ठेवता आली नसती, विकावी लागली असती. गाडी घ्याच, पण कर्ज काढून नको.

हिशोबनीस, धुळे

पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते, म्हणून आधी आकडे.

जुन्या गाडीला वाहन कर्ज देताना बँका गाडीचं वय बघतात. फेड संपेपर्यंत गाडी किती वर्षांची होईल याला मर्यादा असते, आणि 2012ची गाडी बहुतेक ठिकाणी त्यात बसणार नाही. म्हणजे वैयक्तिक कर्ज. 12 टक्के धरले तरी आठ लाखांना पाच वर्षांचा हप्ता 17,796 रुपये. एकूण फेड 10 लाख 68 हजारांच्या आसपास, त्यातले 2 लाख 68 हजार निव्वळ व्याज. पगाराचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग हप्त्यातच जातो, आणि जूनपर्यंत भावाचे 9 हजार आहेतच.

विम्याचं नीट वाचा. दीड लिटरवरच्या खाजगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता 2022च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला 7,897 आहे, जीएसटी वेगळा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घसारा. दहा वर्षांवरच्या गाडीचा पत्रा बदलला तर विमा कंपनी किमतीच्या निम्मेच धरते, रबर-प्लास्टिकलाही निम्मेच. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारा विमा, एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. पुढचा बंपर, हेडलाइट आणि बोनेट एका धडकेत गेले, तर सुट्या भागांचं जवळपास निम्मं बिल तुमच्या खिशातून. आयात गाडीच्या सुट्या भागांची किंमत माहीत करून घ्या आणि मगच हा मुद्दा तोला.

एफडी शेवटच्या रुपयापर्यंत मोडणार असाल तर माझा सरळ विरोध आहे. घरात आई आहे. दवाखान्याची वेळ आली तर गाडी त्या आठवड्यात विकली जात नाही, आणि घाईत विकायला निघालात तर समोरचा पडेल भावानेच घेतो.

गॅरेजवाला एमएच19, जळगाव

ताई, गाडी लई भारी आहे. त्या इंजिनाचा आवाज ऐकला की कळतं. टर्बो नाही ते चांगलंच, आपल्या उन्हात तेवढा ताप कमी. पण दिल्लीवाली नका घेऊ. का ते सांगू राहिलो.

दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश निघाला, तेव्हापासून त्या वयाकडे झुकलेल्या गाड्यांचा तिथे भाव पडतो. म्हणून साडेतेरा. आता ती इथे आणली तर तिथली एनओसी म्हणजे फॉर्म 28, मग मालकी बदलाचे 29 आणि 30, जुन्या मालकाचं कर्ज असेल तर ते उतरवायला 35. बाहेरच्या राज्याची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की महाराष्ट्राचा नंबर घ्यावाच लागतो, आणि त्याआधी इथला कर. तो कर तुम्ही डीलरला किती दिले त्यावर ठरत नाही; गाडीची मूळ किंमत आणि वय बघतात. नव्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे 11 ते 13 टक्के आहे, आयात गाडीला दर चढा. आरटीओतून आकडा लेखी घ्या, मगच डीलरला टोकन द्या. आणखी एक. 2027मध्ये गाडी 15 वर्षांची होईल. साध्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाला 5 हजार शुल्क आहे, आयात कारला 40 हजार.

आता कामाचं. या इंजिनाचा पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो. चांगला आहे तोवर एकदम चांगला, पण जाताना सांगून जात नाही. कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी, नळ्या, जोड प्लास्टिकचे. युरोपच्या हवेत हे पार्ट वर्षानुवर्षं टिकतात, भुसावळच्या मेमधल्या 45 अंशांत प्लास्टिक कडक होऊन तडकतं. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाची जर्मन कूपे आली होती. तापमानाचा काटा मधेच चढायचा, मधेच उतरायचा. बाहेरून बघितलं तर गळती कुठेच नाही. टाकी काढून उन्हात धरली तेव्हा शिवणीवर सुकलेल्या कुलंटची पांढरी रेघ दिसली, केसाएवढी. गाडी गरम झाल्यावर, दाब वाढला की तिथून वाफ निघायची आणि थंड झाली की फट बंद. टाकी, पंप, थर्मोस्टॅट मिळून पाऊण लाख गेले, आणि पार्ट येईस्तोवर पंधरवडा गाडी माझ्याच दारात उभी. काम अवघड नव्हतं. पार्ट इथे मिळत नाही आणि स्कॅनर सगळ्यांकडे नसतो, अडचण ती आहे.

टायर रन-फ्लॅट आहेत, डिकीत स्टेपनी नाही. पंक्चर झाली तर थोडं अंतर हळू चालवता येते, पण तसा टायर यावल-रावेरकडे दुकानात ठेवलेला नसतो. गाडी बुटकी. गावागावातले गतिरोधक कुणी मापाने बांधत नाही, तुम्हाला तिरपी घालून काढावी लागेल, तरी कधीतरी पोट घासणारच. पावसाळ्यात केळीच्या ट्रॅक्टरांचा चिखल रस्त्यावर येतो, मागच्या चाकांची ताकद तेव्हा जपून वापरा.

महिन्याचं विचारलं होतं. पेट्रोल सोडून 10 हजार बाजूला टाकायची तयारी ठेवा. काही महिने काहीच लागणार नाही, मग एका दिवसात वर्षाचे जातील.

मन मारू नका असं मीही म्हणतो. तोवर बलेनो आरएस बघा. 2017 ते 2020 आली, एक लिटरचं टर्बो, 102 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क, वजनाला हलकी. बरेचसे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात, थर्ड पार्टी विमा 2,094. ही स्पोर्ट्स कार आहे असं मी म्हणणार नाही, पण पालच्या रस्त्याला मजा देईल. आणि झेड4च घ्यायची असेल तर एमएच पासिंगची शोधा, पुणे-नाशिककडे. दोन लाख महाग पडली तरी कर आणि एनओसीची भानगड नाही, आणि गाडी स्वतः जाऊन बघता येते.

तापीकाठ, भुसावळ

सगळ्यांचे मनापासून आभार. गॅरेजवाले दादा, तुम्ही पंपाबद्दल लिहिलंत ते मला लगेच पटलं. शेडमध्येसुद्धा मोठी मोटर क्वचित दगा देते, आधी जातो तो थंडाव्याचा ब्लोअर नाहीतर एखादा जोड. फरक एवढाच, की तिथे स्टोअरमध्ये दुसरा ठेवलेला असतो.

दिल्लीच्या डीलरला ‘नको’ म्हणून कळवलं. आरटीओत जाऊन कराचा आकडा लेखी मागितला हे त्याला सांगितल्यावर तो लगेच साडेबारावर आला, त्यावरून काय ते समजले.

बलेनोचं नीट बघितलं. गाडी चांगली आहे, पण घेणार नाही. पुढच्या चाकांची गाडी चालवताना मला सारखी दुसरीच आठवेल, आणि त्यात पाचेक लाख अडकले की खरी गाडी आणखी लांब जाईल. आठ लाखांच्या कर्जाचा जो हप्ता बसणार होता, तेवढेच पैसे जुलैपासून पतपेढीत आवर्ती ठेवीत टाकायचे ठरवलं आहे. तीन वर्षांत मुद्दलच सव्वासहा लाखांच्या वर जाते. एफडीतले तीन लाख आईसाठी म्हणून वेगळे काढले, त्याला हात नाही. शिवाय 17,800 दर महिन्याला सोसतात का, हे गाडी दारात येण्याआधीच कळेल. केळीबाग दादांचं कर्जाबद्दलचं म्हणणंही यात बसलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग तेव्हा मला पुढे बसव.’ दोनच सीट आहेत, दुसरी तिचीच.

नाशिकला एका डॉक्टरांकडे एमएच-15ची झेड4 आहे. ते आत्ता विकत नाहीत, पण बघायला या म्हणाले. हिशोबनीस ताई, अशा वेळी आधीच भावाची बोलणी करावीत का? आणि दादा, मी जाऊन नेमकं काय काय बघू?

हिशोबनीस, धुळे

भावाचं आत्ता बोलू नका. विकायची वेळ येईल तेव्हा पहिला फोन तुम्हाला करा एवढंच सांगून या. आणि विमा दर वर्षी खंड न पडता भरलाय का, क्लेम किती झाले, ते विचारा.

गॅरेजवाला एमएच19, जळगाव

आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा, गार पाहिजे. चालू करताना सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा, निळा धूर येतो का ते पाहायला. छत निदान दोनदा उघड-बंद करायला लावा आणि मोटरचा आवाज मधेच बदलतो का ते ऐका. डिकीतलं कार्पेट उचलून खाली ओल आहे का बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. टायर जुने असले तर नक्षी शाबूत दिसली तरी समृद्धीवर न्यायचे नाहीत. मग अर्धा तास चालवून आणा, एसी लावून, गर्दीतून. परत आल्यावर खाली वाकून बघा काही टपकतंय का.

फोटो मला इथेच टाका: कुलंटच्या टाकीची शिवण, तेलाचं झाकण आतल्या बाजूने, आणि चारही टायर.