चष्मा असणाऱ्यांनी आयएफआर ट्रेनिंगला काय वापरावं? क्लिप-ऑन चालतं का?

खालचा_ढग

नमस्कार मंडळी, माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं (आयएफआर, म्हणजे बाहेर न बघता फक्त पॅनलवरच्या उपकरणांवर उडायचं) ट्रेनिंग सुरू होऊन आठेक सॉर्टी (उड्डाणं) झाल्यात आणि खरं सांगतो, विमान उडवण्यापेक्षा जास्त त्रास मला बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर जे लावतात त्याचाच होतोय, म्हणून इथे विचारतोय. मला दोन्ही डोळ्यांना मायनस नंबर आहे, त्यात चाळिशी उलटल्यामुळे प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे लांबचं मधलं जवळचं सगळं एकाच काचेत. त्यावर फॉगल्स (वरचा भाग दुधी असलेला ट्रेनिंगचा चष्मा) चढवले की दोन चष्म्यांच्या मिळून चार काड्या हेडसेटखाली जातात, अर्ध्या तासात कानामागे ठणकायला लागतं, आणि इअरकप नीट टेकत नाही त्यामुळे इंजिनाचा आवाज आत शिरतो. परवा एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) दिलेलं हेडिंग (दिशा) मी दोनदा चुकीचं रीडबॅक केलं, म्हणजे परत म्हणून दाखवताना चुकलो, ते निव्वळ ऐकू न आल्यामुळे.

मग टोपीसारखा येतो तो मोठा हूड घालून बघितला. तो चष्म्यावरून बसतो, पण त्याचा पट्टा आणि हेडसेटची पट्टी एकमेकांवर येतात आणि मान वळवली की हूड एकीकडे आणि मी एकीकडे.

आता क्लिप-ऑन घ्यायचा विचार करतोय, चष्म्याच्या काचेवर चिमट्याने बसतं ते, वरचा भाग दुधी आणि खालून पॅनल दिसायला जागा, काही वर उचलताही येतात. पण माझी शंका अशी की प्रोग्रेसिव्ह काचेत खालचा भाग जवळचं वाचायचा असतो, मग फक्त तेवढाच भाग उघडा राहिला तर पॅनल स्पष्ट दिसणार कसं? आत्ताच मला हनुवटी वर करून बघावं लागतंय आणि तास संपेपर्यंत मान आखडते. शिवाय एक सोपा उपाय डोक्यात आलाय, जुना चष्मा पडून आहे, त्याच्याच काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर दुधी टेप लावून टाकला तर वेगळं काही घ्यायलाच नको. कुणी केलंय का असं? प्लीज अनुभव सांगा.

उजवी_सीट

जुन्या चष्म्याला टेप लावू नका. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

मी इन्स्ट्रक्टर आहे. एक विद्यार्थी अगदी असाच जुना चष्मा टेप लावून घेऊन आला होता, आणि मीही तेव्हा पुढचा विचार केला नाही, ही माझी चूक. सगळा अप्रोच (रनवेकडे उतरत येणं) सुंदर केला त्याने, सुया मधोमध, स्पीड पक्का. २०० फुटांवर मिनिमम्स (रनवे दिसल्याशिवाय जिच्याखाली जायचं नाही ती उंची) आले, मी म्हटलं वर बघा, त्याने चष्मा खस्सकन ओढून काढला आणि समोर रनवेच्या जागी त्याला नुसता राखाडी डाग दिसला, कारण नंबरचा चष्माच त्याने काढून टाकला होता! माझ्या हातात कंट्रोल्स होतेच, गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान परत वर नेलं, काही झालं नाही. पण त्या दिवसापासून माझा नियम असा की जे काही डोळ्यांवर लावाल ते एका हालचालीत बाजूला झालं पाहिजे आणि ते बाजूला झाल्यावर नंबरचा चष्मा नाकावर जागच्या जागी राहिला पाहिजे. मेडिकलवर चष्म्याची अट असणाऱ्याला तर हे लागूच आहे, चष्मा नाकावर नसलेला एक क्षणही त्या अटीत बसत नाही.

आणि हे फक्त मिनिमम्सपुरतं नाही. समजा समोर दुसरं विमान आलं, पक्षी आला, किंवा इंजिनच खडखडायला लागलं, तर तुम्हाला ताबडतोब बाहेर बघता आलं पाहिजे. शेजारच्या सीटवर बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट असतोच आणि असायलाच हवा, ड्युअल कंट्रोल्स पण हवेत, पण चार डोळे केव्हाही बरे.

त्यामुळे तुमच्यासाठी वर उचलता येणारं क्लिप-ऑन हा मला सगळ्यात योग्य मार्ग वाटतो. काड्या दोनच राहतात, हेडसेटची सील बिघडत नाही. फक्त चष्म्याच्या काड्या जाड असतील तर उडताना पातळ तारेच्या काडीची फ्रेम वापरा, तेवढ्यानेही आवाजात फरक पडतो.

काचवाला

चष्म्याच्या शंकेचं मी सांगतो, माझं कामच ते आहे.

तुमची शंका बरोबर आहे. लहान विमानात डोळ्यापासून पॅनल साधारण ७० सेंटिमीटरवर येतं, सीट मागे घेतली तर अजून थोडं लांब. ७० सेंटिमीटरवर फोकस करायला अंदाजे १.४ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर यातच मोजतात) ताकद लागते. मांडीवरचा नीबोर्ड (चार्ट लावायची छोटी पाटी) ४० ते ४५ सेंटिमीटरवर, त्याला सव्वादोन ते अडीच लागते. आता तुमची वाचायची ॲड (जवळचं वाचायला लांबच्या नंबरात मिळवलेली ताकद) समजा +२ आहे, तर काचेच्या अगदी खालच्या भागातून बघताना ५० सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर होत जातं, डोळ्याने कितीही जोर लावला तरी, कारण डोळा जवळचं बघायला जोर लावू शकतो पण लांबचं बघायला उलटा जोर लावता येत नाही. म्हणजे चार्ट स्वच्छ दिसणार आणि अल्टिमीटर (उंचीचं घड्याळ) धूसर. पॅनलचं अंतर काचेच्या मधल्या पट्ट्यात असतं, आणि प्रोग्रेसिव्हमध्ये तो पट्टा अरुंद असतो, दोन्ही कडांना प्रतिमा वाकडी होते. दुधी भाग खाली आणाल तितका तो मधला पट्टाच झाकला जातो, म्हणून तुम्ही हनुवटी वर करताय, सवयीचा दोष नाही तो.

दोन गोष्टी करा. पहिली, हँगरमध्ये विमान बंद असताना नेहमीच्या उंचीवर सीट लावून बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोजपट्टीने डोळ्यापासून पॅनल, डोळ्यापासून रेडिओ आणि डोळ्यापासून नीबोर्ड अशी तीन अंतरं मोजायला सांगा. ते आकडे घेऊन चष्मा करणाऱ्याकडे जा. नुसतं "मी पायलट आहे" सांगून उपयोग नाही, आकडे द्या. त्यावरून उडण्यासाठी वेगळा ट्रायफोकल (लांबचं, मधलं, जवळचं असे तीन भाग असलेली काच), किंवा मधला पट्टा रुंद असलेलं डिझाइन करता येतं. वरच्या भागात पूर्ण लांबचा नंबर हवाच, कॉम्प्युटरवर बसायला मिळतात ते चष्मे इथे घेऊ नका, त्यात लांबचं दिसत नाही.

दुसरी गोष्ट क्लिपबद्दल. चिमट्याच्या टोकांना रबर आहे ना ते बघा, नाहीतर काचेवरचं अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग महिन्याभरात खरवडलं जातं, आणि रिमलेस फ्रेमला चिमटा लावूच नका, काच भोकापाशी तडकते. क्लिपचं वजन नाकावर येतं, घामाने चष्मा दोन-तीन मिलिमीटर खाली सरकतो आणि तेवढ्याने दुधी भागाची कड पॅनलवर खाली येते, म्हणून मागे दोरी किंवा इलॅस्टिक बांधा.

आणि एक राहिलंच, उन्हाच्या फ्लिप-अप क्लिपला दुधी फिल्म लावून घरी बनवणार असाल तर ती पोलराइज्ड नको. एलसीडी स्क्रीन पोलराइज्ड काचेतून काही कोनात काळी पडते. ग्लास कॉकपिटमध्ये (घड्याळांऐवजी स्क्रीन असलेल्या) हे फार वाईट.

निंबस_०७

मी गेलं वर्षभर क्लिप-ऑनच वापरतोय, मलाही चष्मा आहे, पण साधा, प्रोग्रेसिव्ह नाही. चांगलं आणि वाईट दोन्ही सांगतो.

चांगलं म्हणजे विसरायला होतं की काही लावलंय, आणि टेकऑफ करून वर गेल्यावर खाली पाडायचं, उतरताना उचलायचं, डोक्यावरून काही काढघाल नाही. वाईट म्हणजे बाजूने दिसतं. क्लिप फक्त काच झाकतं, काच आणि गाल यांच्या मधून, कानाच्या बाजूने, डाव्या खिडकीतलं क्षितिज डोळ्याच्या कोपऱ्यात येत राहतं आणि तुम्ही मुद्दाम डोकावत नसलात तरी मेंदू ते वापरतो. मला तर कळतच नव्हतं. माझे पंख छान लेव्हल राहायचे, मला वाटायचं माझा स्कॅन (उपकरणांवरून नजर फिरवत राहणं) सुधारला, मग एक दिवस खरोखर ढगात गेलो इन्स्ट्रक्टरबरोबर आणि पहिल्या दोन मिनिटांत १५ डिग्री बँक (विमान एका बाजूला कलणं) लागली होती आणि मला सरळ वाटत होतं. तेव्हा लक्षात आलं की इतके दिवस खिडकी मला मदत करत होती. ऊन पण करतं मदत, विमान वळलं की पॅनलवरून सावली सरकते, त्यावरून वळल्याचं कळतं, ते मात्र कुठलाच हूड थांबवू शकत नाही.

उपाय म्हणून मी चष्म्याच्या काडीला दोन्ही बाजूंनी काळ्या कार्डपेपरच्या छोट्या पाकळ्या लावल्यात, घोड्याच्या झापडांसारख्या. दिसायला कसंही दिसो, काम करतात. फक्त सेफ्टी पायलटने त्या बाजूला डबल लक्ष ठेवायचं.

दुधी भाग किती ठेवायचा हे विकत आणलेल्या क्लिपवर सोडू नका. सहा गोल घड्याळांचं पॅनल असेल तर वरची ओळ ग्लेअरशील्डच्या (पॅनलवर पुढे आलेल्या छज्जाच्या) लगेच खाली असते, ग्लास कॉकपिटमध्ये स्क्रीन उंच असते, आणि तुमची सीटची उंची वेगळी, एकच क्लिप सगळ्यांना बसणार कशी? मी पारदर्शक क्लिप घेतली आणि पाण्याने चिकटते ती दुधी फिल्म कात्रीने कापून लावली. सीटवर बसून, समोर नजर ठेवून, दुसऱ्याला मार्करने ग्लेअरशील्डची कड जिथे येते तिथे खूण करायला सांगितली. पहिली फिल्म चुकली, दुसरी बरोबर बसली, फिल्म स्वस्तात चुकता येते हा फायदाच. रेडिओ मधोमध असतात तिकडे बघताना मान वळते त्यामुळे उजवीकडची कड मी किंचित वर ठेवलीय.

जाता जाता, हे शेजारी सेफ्टी पायलट ठेवून आंधळं उडायचं प्रकरण जुनंच आहे. २४ सप्टेंबर १९२९ ला जिमी डूलिटलने कॉकपिटवर पूर्ण झाकण ओढून टेकऑफ ते लँडिंग सगळं फक्त इन्स्ट्रुमेंटवर केलं, तेव्हाही पुढच्या कॉकपिटमध्ये बेन केल्सी बसलेलाच होता, गरज लागली तर म्हणून. आणि दुसऱ्या महायुद्धात ट्रेनिंगला खिडक्यांना एका रंगाची काच आणि शिकणाऱ्याला दुसऱ्या रंगाचा गॉगल द्यायचे, दोन्ही रंग मिळून बाहेर काळोख आणि आतलं पॅनल मात्र फक्त गॉगलमधून दिसायचं, शिकवणाऱ्याला बाहेरचं दिसत राहायचं. मला ही कल्पना आजही फार आवडते, बाजूने गळतीचा प्रश्नच नाही त्यात.

उजवी_सीट

निंबस, बाजूच्या गळतीचं तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. मी त्यासाठी अजून एक करतो, विद्यार्थ्याचा स्कॅन चांगला वाटायला लागला की एक सॉर्टी मुद्दाम क्लिप काढून मोठा हूड देतो. त्या दिवशी हेडिंग भटकायला लागलं तर समजायचं खिडकी मदत करत होती. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) हिशेबाने रेटिंगला ४० तास इन्स्ट्रुमेंट टाइम लागतो, काही तास सिम्युलेटरवर चालतात, पण उरलेले विमानात करायचेच असतात आणि ते नुसते लॉगबुकात भरायचे नाहीत, खरे झाले पाहिजेत.

खालचा_ढग, तुमच्या हनुवटीच्या हालचालीची मला मानेपेक्षा वेगळी काळजी वाटते. वळणात असताना हनुवटी वर, मग खाली नीबोर्डकडे, मग परत वर असं केलं की कानातलं संतुलनाचं द्रव भलतीकडे हलतं आणि विमान गडगडल्यासारखं वाटतं. ढगात हे झालं तर चांगला पायलटही गोंधळतो. त्यामुळे काचवाला म्हणतात तो चष्मा आधी, क्लिप नंतर. तोपर्यंत चार्ट मांडीवर न ठेवता योकवर (विमानाच्या स्टीअरिंगवर) लावा, मान कमी हलेल.

खालचा_ढग

सगळ्यांचे मनापासून आभार, टेपचा विचार तिथल्या तिथे सोडला. काल हँगरमध्ये जाऊन मोजलं. पॅनल ७४, रेडिओ ७८, नीबोर्ड ४६. माझी ॲड +१.७५ निघाली, म्हणजे खालच्या भागातून ५७ च्या पुढे धूसर, आता कळलं मी अल्टिमीटरच्या छोट्या काट्याला डोळे बारीक करून का बघत होतो. इतके दिवस वाटत होतं मीच नीट शिकत नाहीये, घरीसुद्धा बोलून दाखवलं होतं की बहुतेक मला जमणार नाही.

ट्रायफोकल करायला टाकलाय. तो येईपर्यंत उधारीवर मिळालेली फ्लिप-अप क्लिप आणि निंबसची फिल्म लावून एक सॉर्टी केली, कड थोडी वर ठेवली म्हणजे मधला पट्टा उघडा राहिला, आणि डाव्या बाजूला पाकळी लावली. पहिली वीस मिनिटं हेडिंग सगळीकडे फिरलं, म्हणजे मलाही खिडकी मदत करत होती. पण हेडसेट नीट बसला, एकही रीडबॅक चुकला नाही.

एकच विचारायचं राहिलं, मिनिमम्सला क्लिप कुठल्या हाताने उचलायची? डावा योकवर, उजवा थ्रॉटलवर, मी गडबडलो आणि नाक वर गेलं.

उजवी_सीट

उजव्या हाताने. योक सोडायचा नाही, कारण तिथे एक सेकंद हात सुटला की नाक किंवा पंख हलतोच, थ्रॉटल मात्र ट्रिम (हात न लावता विमान स्थिर ठेवणारी जुळणी) नीट असेल तर तेवढा वेळ जागेवर राहतो. अंगठ्याने खालून वर एक टिचकी आणि हात परत थ्रॉटलवर, आधी हात परत आणि मग डोळे बाहेर. जमिनीवर इंजिन बंद असताना पन्नास वेळा करा, चष्मा नाकावरून हलतोय का ते बघत बघत. हलत असेल तर क्लिपची बिजागरी घट्ट आहे, तेलाचा एक थेंब सोडा, पण क्लिप काढून, काचेवर नाही.