'स्वभावाला औषध नाही' याबद्दल

बॉर्डरलाइन (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना, नाती आणि स्वतःची ओळख सतत डळमळीत ठेवणारा मानसिक विकार) असलेली व्यक्ती जन्मभर तशीच राहते, स्वभावाला औषध नाही, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. यावर खास गोळी नाही हे खरं, पण अमेरिकेतल्या मॅकलिन हॉस्पिटलमध्ये संशोधक मेरी झानारिनी यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय. २०१० साली आलेले त्यांचे निष्कर्ष बघा: दहा वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं सलग दोन वर्षं तरी इतकी ओसरली होती की त्यांना बॉर्डरलाइन म्हणता आलं नसतं! स्वतःला इजा करणं, आत्महत्येचे प्रयत्न हे तुलनेनं लवकर कमी होतात. आपल्याला सोडून जातील ही भीती आणि आतलं रितेपण जास्त चिवट असतं.

नोकरी-शिक्षण आणि नाती मात्र साधारण निम्म्यांचीच सावरली होती. म्हणून लक्षणं ओसरली की 'झाली ना बरी' म्हणत घरच्यांनी लगेच थेरपी थांबवू नये, एवढं कळकळीनं सांगावंसं वाटतं.