फायरवॉलवरचं लॉगिन: माणूस ओळखला की नुसता आयपी?

खिळखिळा_स्विच (धागाकर्ता)

हल्ली फायरवॉलच्या (नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) नियमात 'लेखा विभागाला परवानगी, बाकीच्यांना नाही' असं सरळ लिहिता येतं. पण पॅकेटमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यात, असतं काय? कुठून आलं, कुठे चाललंय, कुठला प्रोटोकॉल, कुठलं पोर्ट. नाव नसतंच. म्हणून फायरवॉल एक तक्ता बाळगते: या आयपीवर (मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर) सध्या अमुक माणूस. एकदा नोंद पडली की त्या आयपीवरून येणारं सगळं त्याच्या नावावर, मग तो उठून गेला आणि शेजारचा तिथे येऊन बसला तरी.

आमच्याकडे एकदा लॉग उघडला तर 'बॅकअप' नावाचा वापरकर्ता दुपारभर व्हिडिओ बघत बसलेला! फायरवॉल डोमेन कंट्रोलरच्या (विंडोज नेटवर्कमध्ये लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमधल्या ४६२४ क्रमांकाच्या, म्हणजे यशस्वी लॉगिनच्या, नोंदी वाचत होती. त्या पीसीवरून बॅकअपच्या सर्व्हिस अकाउंटने (माणसाच्या नव्हे, प्रोग्रामच्या खात्याने) लॉगिन केलं आणि खऱ्या माणसाच्या नावावर त्याचं नाव चढलं. वर बॅकअपला सगळीकडे मुभा, ती तिथे बसलेल्याला फुकटात मिळाली.

माझं मत: ही ओळख नव्हे, अंदाज आहे. त्यावर रिपोर्ट काढा हवं तर, परवानग्या देऊ नका.

नियम_क्र_१

अजिबात पटलं नाही. तक्ता चुकीचा भरलात आणि खापर फायरवॉलवर फोडताय. सर्व्हिस अकाउंटं वगळायची यादी असते, ती कुणी भरायची?

लॉग वाचणं हा मुळात कच्चा मार्ग. माणूस आला हे कळतं, गेला हे धड कळत नाही, मग टाइमआउटवर भागवावं लागतं. ८०२.१एक्स लावा, म्हणजे नेटवर्कला जोडतानाच ओळख तपासायची पद्धत. ओळख पटल्याशिवाय स्विच आपलं केबलचं पोर्टच उघडत नाही, आणि रेडियस अकाउंटिंगमध्ये (ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरकडची हजेरी, पोर्ट १८१३) 'स्टार्ट' आणि 'स्टॉप' दोन्ही निरोप येतात. केबल उपटली की स्टॉप, नोंद साफ.

आणि परवानगी नावावर द्यायची नाही तर कशावर? आयपीवर? आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीने उद्या तोच आयपी दुसऱ्याला दिला की झालं!

लॉगवाचक

बॅकअपलाही विरंगुळा नको का? :)

जुना_युनिक्सवाला

ओपनबीएसडी या युनिक्सछाप ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ऑथपीएफ आहे. एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीने) फायरवॉलवर लॉगिन करायचं, तुमच्यापुरते नियम चढतात, सेशन तुटलं की उतरतात. 'गेला कधी' हा प्रश्नच मिटतो. (चारचौघांना दिवसभर टर्मिनल उघडं ठेवायला लावून दाखवा, मग बोलू.) मात्र मध्ये नॅट (अनेक मशीन एकाच आयपीमागे ठेवणारी सोय) असेल तर एकाच्या लॉगिनवर मागचे दहाही आत. तेवढ्यापुरता मी धागाकर्त्याच्या बाजूने.

पाहुणा_व्हीलॅन

कॅप्टिव्ह पोर्टलबद्दल, म्हणजे नेट वापरण्याआधी येणाऱ्या लॉगिनच्या पानाबद्दल, कुणी बोलेना. खरा वैताग तिथेच आहे. लॉगिनचं पान दाखवायला फायरवॉल ब्राउझरची मागणी अडवून वळवते. साइट एचटीटीपीएस असली की सर्टिफिकेटचा इशारा येतो, एचएसटीएस (फक्त एचटीटीपीएसनेच उघडायची सक्ती) असली तर पुढे जायचं बटणही नाही. जिथे बटण असतं तिथे लोक ते न वाचता दाबायला शिकतात. सुरक्षेसाठी लावलेली गोष्ट इशारे धुडकावायची सवय लावते, याला काय म्हणायचं?

खिळखिळा_स्विच

@नियम_क्र_१, यादी आमचीच राहिली होती, मान्य. पण टर्मिनल सर्व्हरचं (अनेक जण एकाच मशीनवर लॉगिन करून काम करतात त्याचं) काय? एका आयपीवर ४० जण.

नियम_क्र_१

सर्व्हरवर एजंट (एक छोटा प्रोग्राम) बसतो. तो प्रत्येकाला सोर्स पोर्टचा वेगळा पट्टा देतो. फायरवॉल आयपी आणि पोर्ट मिळून नाव लावते.

खिळखिळा_स्विच

म्हणजे माणूस ओळखला कुणी? स्विचने, रेडियसने, एजंटने. फायरवॉलने नुसतं त्यांचं ऐकलं. मी वेगळं काय म्हणत होतो?

नियम_क्र_१

ऐकीव असो, पण कुणाचं ऐकायचं ते आपण ठरवतो ना? आणि यादीत अँटीव्हायरसचं अकाउंटही टाका आजच. पुढचा व्हिडिओवाला तोच निघणार.