टोमॅटो-मिरचीवर कीड पडली आहे, काय फवारू?

नमस्कार मंडळी. कुंड्यांमध्ये टोमॅटो आणि मिरची लावली आहे. मिरचीची शेंड्याकडची पानं चुरडामुरडा झालीत, फुलंही गळतायत. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की बारीक पांढरे किडे भुर्रकन उडतात. शिवाय एका हिरव्या टोमॅटोला गोल भोक दिसलं. घरात खायचं असल्यामुळे जहाल औषध नको. सगळ्यावर चालेल असं काही आहे का?

प्रतिसाद
ताई, ही तीन वेगळी दुखणी आहेत, सगळ्यांवर एकच औषध शोधू नका.

आधी मिरचीचं पान नीट बघा. कडा वर वळून पान वाटीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील आणि पान अरुंद, देठ लांबट वाटत असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अतिबारीक). कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा वेगळाच जीव. बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकिडे तेवढे मरतात. खात्री करायची तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. लांबुळके पिवळसर किडे सरसर पळाले तर फुलकिडे. कोळी भिंगाशिवाय दिसायचा नाही.

टोमॅटोवर पांढरी माशी आहे. पिवळे चिकट सापळे लावा, पण त्यात फक्त उडणारे प्रौढ अडकतात. पिल्लं पानाखाली चिकटून रस शोषत राहतात, म्हणून फवारा खालूनच मारायचा. एखादं झाड खुजं राहून पानं बारीक, पिवळट, गोळा झाली असतील तर तो माशीने पसरवलेला विषाणू. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाका. जीव तुटतो, पण बाकीची झाडं वाचतात.

भोक पाडणारी अळी हाताने वेचा. अर्धं अंग फळात आणि अर्धं बाहेर, अशी बऱ्याचदा सापडते. एकच अळी फळामागून फळ पोखरत जाते, तेव्हा भोक पडलेलं फळही काढून टाका. अळ्या लहान असतील तर बीटीची (अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूंच्या औषधाची) फवारणी चांगली चालते.

धागाकर्ती
खूप आभार! कडा वरच वळल्यात, आणि कागदावर किडे पळाले. आता?

प्रतिसाद
मग फुलकिडेच. 1 लिटर कोमट पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल घ्या. तेल आधी थोड्या पातळ साबणात घोळवा, नाहीतर ते वर तरंगतं. एक-दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा, मगच सगळीकडे फवारा. ऊन उतरल्यावर मारा आणि आठवड्याने पुन्हा. यांचे कोष बरेचसे मातीत असतात, त्यामुळे एका फवाऱ्यात भागत नाही. पुढेमागे कोळ्यासाठी गंधक वापरलंत तर तेलाच्या फवाऱ्यानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्या, एरवी पानं करपतात.

आणखी एक प्रतिसाद
वरच्या सल्ल्याला अनुमोदन. नत्राचं खत तूर्त थांबवा, लुसलुशीत पालवीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) तुटून पडतो. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर त्यांनाही अडवा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात. आणि काळ्या अंगाची, नारिंगी ठिपक्यांची काटेरी अळी दिसली तर कृपा करून मारू नका! ते लेडीबर्डचं (ठिपक्यांच्या गोल भुंगेऱ्याचं) पिल्लू, मावा खाऊनच मोठं होतं. ती असेल त्या फांदीवर फवाराही नको.